मधल्या वर्षांचे नाट्य लिहा: कौटुंबिक नाटक, चित्रपट आणि मालिका घडवणाऱ्यांना खुले पत्र

सर्व लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते यांस,

सविनय नमस्कार.

बरा न होणारा आजार झालेल्या मुलाला वाढवणारे तरुण आईवडील हा विषय नाटक, चित्रपट आणि मालिका या तिन्ही माध्यमांत वारंवार येतो, आणि तो यावा असेच मला वाटते. कारण अशा घरांविषयी लोकांना जे थोडेफार ठाऊक असते ते बहुतेक वेळा पडद्यावरून किंवा रंगमंचावरूनच आलेले असते. मी मुलांच्या उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये, काम करणारी परिचारिका आहे. निदानानंतर जे आईवडील आमच्याकडे येतात ते हातात रिपोर्टांची फाइल आणि मनात आपण दाखवलेली दृश्ये घेऊन येतात. त्यांच्या कोणत्या भीतीचे मूळ कोणत्या तऱ्हेच्या प्रसंगात आहे हे मला आता बरेचदा ओळखता येते, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आपण प्रेक्षकांना रडवता याबद्दल माझी तक्रार नाही. विषयच असा आहे की न रडवता तो सांगणे कदाचित खोटेपणाचे ठरेल. माझी तक्रार वेळेच्या वाटपाविषयी आहे. आपल्या संहितांमध्ये दोन दिवसांना भरपूर जागा मिळते: डॉक्टर आईवडिलांना खुर्चीवर बसवून निदान सांगतात तो दिवस आणि मूल जाते तो दिवस. या दोन दिवसांमध्ये जे काही महिने किंवा वर्षे असतात, त्यांची बोळवण एखाद्या गाण्याखाली सरकणाऱ्या दृश्यमालिकेत होते: केस गळतात, वाढदिवस साजरा होतो, बाप बाल्कनीत एकटा उभा राहतो, गाणे संपते आणि आपण थेट शेवटच्या खोलीत पोहोचतो. प्रत्यक्षात ते तरुण जोडपे त्या मधल्या काळातच राहत असते. तेथेच ती दोघे भांडतात, शिकतात, हसतात, एकमेकांपासून गोष्टी लपवतात आणि एकामागून एक असे निर्णय घेतात ज्यांतला कोणताही पूर्णपणे बरोबर नसतो. नाट्य म्हणून आपण जे शोधत असता ते सगळे तेथे आहे, आणि तेथे आपण जवळजवळ कधीच थांबत नाही.

पहिली विनंती अगदी कारागिरीची आहे. आजार आधी ठरवा, आणि नेमका ठरवा. 'दुर्धर आजार' एवढ्यावर भागवलेल्या संहिता पाहताना माझ्यासारखीला लगेच कळते की लेखकाला फक्त शेवट हवा होता. प्रत्येक आजाराचे स्वतःचे घड्याळ असते आणि कथानकाची चाल त्या घड्याळावर ठरते. टे-सॅक्स आजारात बाळ पहिले काही महिने इतर बाळांसारखेच वाढते, हसते, मान धरते. नंतर ते साध्या आवाजालाही दचकू लागते, शिकलेल्या गोष्टी एकेक करून विसरते, नजर आणि ऐकणे जाते, आणि बहुतेक मुले पाचवा वाढदिवस पाहत नाहीत. येथे आईवडिलांचे दुःख मागे मागे जाणाऱ्या दिनदर्शिकेचे असते, कारण जे मूल बसत होते ते बसेनासे होते. ड्युशेन स्नायुदौर्बल्यात उलट वर्षानुवर्षांचा प्रवास असतो. मुलगा शाळेत जातो, मित्र जोडतो, साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते, बुद्धी मात्र स्नायूंसारखी ढासळत जात नाही, किशोरवय येते, आणि आपल्या आजाराविषयी त्याला आईवडिलांइतकेच वाचता येऊ लागते. या दोन घरांची गोष्ट एकाच साच्यात कशी बसेल?

मेंदूच्या देठात होणाऱ्या आणि वॉर्डात ज्याला सगळे डीआयपीजी म्हणतात त्या गाठीचे उदाहरण घ्या. निदानानंतर रेडिएशन दिले की बहुतेक मुलांमध्ये सुधारणा दिसते. तिरळा झालेला डोळा सरळ होतो, चाल सुधारते, मूल पुन्हा पळू लागते. हे काही महिने टिकते आणि मग गाठ परत वाढते. निदानापासून दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी आहे. आता त्या चांगल्या महिन्यांचा विचार करा. मूल खेळते आहे, नातेवाईक म्हणत आहेत की डॉक्टरांचेच काहीतरी चुकले असेल, आणि आईवडिलांना ठाऊक आहे की हे दिवस उसने आहेत. त्यातही एकाला ते मनोमन पटलेले आहे आणि दुसऱ्याला नाही. त्या काळात शाळेत पाठवायचे की सहलीला न्यायचे, धाकट्याला सांगायचे की नाही, नोकरीची रजा आत्ता वापरायची की पुढे लागेल म्हणून राखून ठेवायची, या प्रश्नांत जेवढा ताण आहे तेवढा अतिदक्षता विभागाच्या दारात नसतो. तेथे तर बहुतेक गोष्टी आईवडिलांच्या हातातून गेलेल्या असतात.

याच आजाराच्या निमित्ताने एक लहानशी बाब. आपल्या चित्रणातले आजारी मूल नेहमी फिकट, बारीक आणि शांत असते. ज्या मुलांना डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड दीर्घकाळ द्यावे लागते त्यांचा चेहरा गोल आणि सुजलेला होतो, त्यांना सतत भूक लागते, झोप लागत नाही आणि ती चिडखोर होतात. आपले मूल आरशात स्वतःला ओळखत नाही, फोटो काढू देत नाही, मध्यरात्री खायला मागते आणि नाही म्हटले की मारते, हे आईवडिलांना किती जड जाते ते मी पाहिले आहे. आणि शेजारी मात्र 'तब्येत छान भरली आहे' असे म्हणून जातात. देवदूतासारखे सोशिक मूल दाखवताना आपण त्या खऱ्या, रागावलेल्या मुलावर अन्याय करता. मरणाऱ्या मुलालाही हट्ट करण्याचा, खोटे बोलण्याचा आणि भावंडाला चिमटा काढण्याचा हक्क असतो, आणि तो बजावला जातो.

आता जोडप्याविषयी, कारण आपल्या नाट्याचा कणा तेच आहे. सन २००० मध्ये बॉस्टनमध्ये जोआन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाने मूल गमावलेल्या १०३ पालकांच्या मुलाखती आणि रुग्णालयातील नोंदी त्यांनी एकत्र पाहिल्या. बरे होण्याची वास्तव शक्यता उरलेली नाही, हे डॉक्टरांच्या नोंदींत मृत्यूपूर्वी सरासरी २०६ दिवस आधी दिसत होते. पालकांना ते सरासरी १०६ दिवस आधी उमगले. मधले हे शंभर दिवस एखाद्या चांगल्या नाटककाराने ताब्यात घ्यावेत असे मला नेहमी वाटते. त्या शंभर दिवसांत डॉक्टर खोटे बोलत नसतात आणि पालकही मूर्ख नसतात. डॉक्टर 'आजार दाद देत नाही आहे' म्हणतात, पालक 'मग पुढचे औषध कोणते' असे विचारतात, आणि दोघेही प्रामाणिकपणे समजतात की संवाद झाला. खलनायक नसलेला इतका भेदक प्रसंग असताना आपण घाईत बोलणारा, घड्याळाकडे बघणारा निर्दय डॉक्टर का उभा करता हे मला समजत नाही.

हेच अंतर नवराबायकोतही असते. ज्याला आधी उमगते तो दुसऱ्याला सांगू शकत नाही, कारण सांगणे म्हणजे मुलाला सोडून देणे असे ऐकले जाईल याची त्याला खात्री असते. मग तो दुसऱ्याच्या आशेत सामील झाल्याचे दाखवतो. बहुतेक वेळा आई रात्रंदिवस मुलाजवळ असल्यामुळे बदल तिला आधी दिसतात, पण नेहमीच तसे असते असे नाही. रोज पाहणाऱ्याला घसरण जाणवत नाही आणि आठवड्याने कामावरून परतलेल्या वडिलांना दारातच धक्का बसतो, हेही घडते. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाची जी मांडणी केली तिच्यात माणूस हानीकडे तोंड करणे आणि रोजच्या जगण्याकडे तोंड करणे यांच्यामध्ये सतत ये-जा करत असतो असे म्हटले आहे. ती मांडणी मृत्यूनंतरच्या दुःखासाठी केलेली असली तरी मी ती मृत्यूच्या आधीच्या घरांतही पाहते. अडचण अशी की दोघांची ये-जा एकाच वेळी होत नाही. ज्या संध्याकाळी तिला बोलायचे असते त्या संध्याकाळी त्याला मुलाच्या घशातला कफ ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनचा फिल्टर साफ करायचा असतो, आणि ज्या रात्री तो कोसळतो त्या रात्री ती झोपेला इतकी आसुसलेली असते की त्याचे रडणे तिला फक्त आवाज वाटते. यातून जो राग साठतो त्यात प्रेमाचा अभाव नसतो. पण आपल्या संहितांमध्ये या वळणावर हमखास बॅग भरली जाते आणि दार आपटले जाते.

ते दार आपटणे इतके रूढ झाले आहे की मूल गंभीर आजारी पडले की संसार मोडतोच का, असे तरुण जोडपी मला विचारू लागली आहेत. नॉर्वेतील राष्ट्रीय नोंदींच्या आधारे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलाला कर्करोग झाल्यामुळे आईवडिलांच्या घटस्फोटाचा धोका एकंदरीत वाढल्याचे आढळले नाही. संसार मोडतात, हे खरे. आजार नसलेल्या घरांतही मोडतात. मी पाहिलेली बहुतेक जोडपी एकमेकांना सोडत नाहीत. ती एकमेकांच्या पाळीने जागतात, एकमेकांशी कित्येक दिवस फक्त औषधांच्या वेळांविषयी बोलतात आणि कधीतरी, अगदी अयोग्य ठिकाणी, एखाद्या फालतू गोष्टीवर पोट धरून हसतात. आयसीयूच्या बाहेर हसू आले म्हणून स्वतःचीच लाज वाटणारी आई मी अनेकदा पाहिली आहे. तिच्या त्या हसण्याला संहितेत जागा द्या.

आणि ही माणसे तरुण आहेत, हे आपणच निवडलेले असूनही आपण विसरता. त्यांच्या वयाच्या मित्रमैत्रिणींचे संसार याच काळात उभे राहत असतात. कुणाला बढती मिळते, कुणाचे मूल पहिले वाक्य बोलते आणि त्याचा व्हिडिओ फोनवर येतो. तो व्हिडिओ उघडायचा की नाही, याचे उत्तर त्या दोघांना रोज द्यावे लागते. त्यांचे स्वतःचे आईवडील हयात असतात, आणि आजीआजोबांना नातवंडाचे दुःख आणि स्वतःच्या मुलाचे दुःख अशी दोन दुःखे एकदम पेलावी लागतात, त्यामुळे कधी ते आधार होतात आणि कधी त्यांनाच सांभाळावे लागते. एवढ्या तरुण जोडप्याला शरीराची ओढही असते. महिनोन्महिने मुलाच्या दोन बाजूंना झोपल्यावर एकमेकांना जवळ घेणे अपराधासारखे वाटते, याविषयी आमच्याशीसुद्धा कुणी सहज बोलत नाही. नाटकाने बोलावे.

बोलण्याच्या या मुद्द्यावरून मी मुलाकडे येते, कारण येथे पडद्यावरची परंपरा मला सर्वांत हानिकारक वाटते. 'त्याला काही कळू द्यायचे नाही' हा ठराव आपल्या कथांमध्ये प्रेमाचा पुरावा म्हणून येतो. सगळे घर हसरे मुखवटे चढवते, मूल निरागसपणे खेळत राहते आणि प्रेक्षक हुंदका आवरतो. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांमध्ये दीर्घकाळ राहून जे पाहिले, ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुणी सांगितलेले नसतानाही मुलांना आपण मरणार आहोत हे टप्प्याटप्प्याने कळत होते. एकमेकांकडून, औषधांच्या नावांवरून, दुसऱ्या खाटेवरचे मूल परत आले नाही यावरून त्यांनी ते जुळवले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना हेही कळले होते की हा विषय काढला की मोठी माणसे खोलीबाहेर जातात. म्हणून ती गप्प राहत, आईवडिलांनी जवळ थांबावे म्हणून. म्हणजे मुखवटे फक्त मोठ्यांनी चढवलेले नव्हते. चार वर्षांचे मूल आपल्या आईला सांभाळून घेते आहे आणि आई समजते की तीच त्याला सांभाळते आहे: याहून मोठा प्रसंग कोणत्या कल्पनेतून आणाल?

स्वीडनमध्ये उल्रिका क्रेइसबर्ग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांना थेट विचारले की तुम्ही मुलाशी मृत्यूविषयी बोललात का आणि आज त्याबद्दल काय वाटते. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जे १४७ पालक बोलले होते त्यांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. जे बोलले नव्हते त्या २५८ पैकी ६९ जणांना, म्हणजे साधारण २७ टक्क्यांना, बोलायला हवे होते असे वाटत होते. आणि मुलाला आपल्या मृत्यूची जाणीव झाली आहे असे ज्यांना त्या वेळी जाणवले होते त्यांच्यात ही खंत अधिक होती. हे आकडे मी कुणावर बोलण्याची सक्ती करण्यासाठी देत नाही. न बोललेल्यांपैकी बहुसंख्यांना खंत नव्हती, हेही त्यातच आहे. प्रत्येक घराची बोलण्याची पद्धत वेगळी असते; काही मुले बाहुलीविषयी विचारतात, काही चित्र काढतात, काही फक्त 'तू माझ्याबरोबर येशील का' एवढेच म्हणतात, आणि उत्तरादाखल त्यांना तत्त्वज्ञान नको असते, एकटे सोडणार नाही एवढी खात्री हवी असते. पण बोलणे म्हणजे क्रूरपणा आणि लपवणे म्हणजे माया, हे समीकरण आपण इतक्या वेळा गिरवले आहे की ज्या आईला बोलायचे असते तिला घरातलेच गप्प करतात.

आता औषधाचा प्रसंग. मॉर्फिनची सिरिंज दिसली की पार्श्वसंगीत बदलते आणि प्रेक्षक समजून जातो की आता संपले. या एका संकेताने जे नुकसान केले आहे ते मी रोज निस्तरते. मुलाला वेदना होत असताना वडील मॉर्फिनला नकार देतात, कारण त्यांच्या मनात मॉर्फिन म्हणजे मरण. प्रत्यक्षात हे औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून, थोड्या मात्रेपासून सुरू केले जाते. बहुतेक वेळा ते तोंडाने, सिरपच्या रूपात दिले जाते. ते घेणारी मुले शाळेत जातात, चित्रे काढतात, भांडतात. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, अंगाला खाज सुटू शकते, बद्धकोष्ठ तर इतके ठरलेले की त्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच द्यावे लागते. योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही, आणि वेदनेसाठी घेणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही आयुष्य मर्यादित करणाऱ्या आजारांतील मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी योग्य देखरेखीखाली मॉर्फिन देता येते. ज्या बॉस्टनच्या पालकांचा उल्लेख वर आला त्यांच्याच मुलाखतींतून हेही दिसले होते की शेवटच्या महिन्यात ८९ टक्के मुलांना निदान एका लक्षणाचा मोठा त्रास झाला, आणि वेदनेवर उपचार झालेल्या मुलांपैकी केवळ २७ टक्क्यांमध्ये ते उपचार यशस्वी झाल्याचे पालकांना वाटले. दुखणे हे या आजारांचे अटळ सौंदर्य नाही. ते बऱ्याच अंशी आटोक्यात आणता येते आणि कित्येकदा आणले जात नाही. तेव्हा कृपा करून एखाद्या संहितेत असे दाखवा की बाटली उघडली जाते, आई ओठ दाबून मात्रा मोजते, आणि तासाभराने मूल उठून बसते व खेळणे मागते.

उपशामक सेवा हीसुद्धा आपल्याकडे 'आता काही करता येणार नाही' या वाक्यानंतर येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच मुलांच्या बाबतीत ही सेवा निदानापासून सुरू होते आणि आजारावर थेट उपचार चालू असोत वा नसोत, ती चालू राहते, असे स्पष्ट केले आहे. जगातले पहिले बालहॉस्पिस, म्हणजे अशा मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी घेणारे केंद्र, ऑक्सफर्डचे हेलन हाउस, नोव्हेंबर १९८२ मध्ये उघडले ते एका लहान मुलीच्या आईवडिलांशी सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांची जी मैत्री झाली तिच्यातून. मेंदूतील गाठीमुळे त्या मुलीला सतत आणि संपूर्ण काळजीची गरज होती; तिचे आईवडील ती घरीच घेत होते आणि त्यांना अधूनमधून विसावा हवा होता. मूळ कल्पना विसाव्याची आहे. मूल काही दिवस तेथे राहते, आईवडील झोपतात, भावंडे आईवडिलांचा पूर्ण वेळ मिळवतात, आणि सगळे परत घरी जातात. हे वर्षानुवर्षे चालते. हॉस्पिसच्या दारातून आत गेलेले मूल बाहेर येताना दाखवणारी एकही संहिता माझ्या पाहण्यात नाही.

भावंडांविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यासाठी खरे तर वेगळे पत्र हवे. लहान मुलाला वाटते की रागात आपण 'मर जा' म्हटले म्हणून बहीण आजारी पडली, आणि ते हे कुणाला सांगत नाही. एवढा एक धागा धरला तरी पूर्ण अंक उभा राहील. आणि आजार आनुवंशिक असेल तर आणखी एक प्रश्न त्या तरुण घरात प्रत्येक भिंतीला टेकून उभा असतो. टे-सॅक्स किंवा स्नायू दुबळे करत नेणारी स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी, म्हणजेच एसएमए, यांसारख्या आजारांत दोन्ही पालक वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी असून सदोष जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दुसरे मूल हवे का, गर्भाची तपासणी करायची का, आणि तपासणीनंतर जो निर्णय घ्याल तो समोर झोपलेल्या पहिल्या मुलाविषयी काही बोलून जातो का? एसएमएवरचे नुसिनर्सेन हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये आणि जनुकीय उपचार मे २०१९ मध्ये मंजूर झाला, आणि लक्षणे दिसण्याआधी दिल्यास या औषधांचा गुण सर्वांत चांगला येतो. म्हणजे अशी घरे शक्य आहेत जेथे थोरल्याच्या आजारामुळेच धाकट्याची तपासणी जन्मतःच झाली, औषध वेळेत मिळाले, आणि धाकटा चालतो तेव्हा थोरला व्हेंटिलेटरवर असतो. आपल्याला शेवटच्या प्रसंगात येणारे चमत्काराचे औषध फार आवडते. औषध खरेच आले, पण एकासाठी उशिरा आणि दुसऱ्यासाठी वेळेत, तर त्या आईवडिलांना आनंद कोणत्या तोंडाने व्हावा, हे लिहून पाहा.

पैशाचा प्रश्न आपण दाखवताच, तेव्हा त्याविषयी एवढेच म्हणते की कर्ज फिटल्यानेही ही गोष्ट सुटत नाही. मृत्यूच्या प्रसंगाविषयीही मला फार सांगायचे नाही. बहुतेक मुले शेवटचे काही तास किंवा दिवस झोपेतच असतात, श्वास अनियमित होतो, मध्ये लांब खंड पडतात, आणि अर्थपूर्ण शेवटचे वाक्य क्वचितच येते. आईवडिलांना मात्र पडद्यामुळे त्या वाक्याची वाट पाहण्याची सवय लागलेली असते, आणि ते आले नाही म्हणून आपले काही चुकले असे कित्येकांना नंतर वाटत राहते. मृत्यूनंतर पंधरा दिवसांनीही औषधाच्या वेळेला गजर वाजतो, दोघांच्याही हातांना काम उरत नाही, आणि वर्षानुवर्षे तज्ज्ञ झालेल्या त्या दोघांचे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते. आपली श्रेयनामावली सुरू होते ती नेमकी येथे.

शेवटी काही व्यावहारिक विनंत्या. संहिता लिहिताना डॉक्टरांचा सल्ला आपण घेताच; त्याबरोबर अशा मुलाला वाढवलेल्या किमान एका आईचा आणि एका वडिलांचा सल्ला घ्या, वेगवेगळा घ्या, आणि त्याचे मानधन द्या, कारण ते माहिती देत नसून काम करत असतात. मूल गेल्यानंतर लगेच त्यांच्याकडे जाऊ नका. केव्हा बोलायचे हे त्यांना ठरवू द्या, आणि बोलल्यानंतरही शब्द मागे घेण्याची मुभा ठेवा. चित्रीकरणापूर्वी औषधाचे, नळीने भरवण्याचे आणि फिट येण्याचे प्रसंग त्यांना वाचून दाखवा. आजारी मुलाची भूमिका करणाऱ्या बालकलाकाराला त्या पात्राचे काय होणार आहे ते त्याच्या वयाला समजेल असे आधी सांगा, आणि सेटवर त्याच्याशी खेळायला असे एक माणूस ठेवा ज्याचा चित्रीकरणाशी संबंध नाही. आणि वॉर्डात संशोधनासाठी यायचे असेल तर जरूर या, पण पहिल्या काही भेटींत कॅमेरा आणि वही दोन्ही बाहेर ठेवा. मुले आधी तुम्हाला तपासतील, मग खेळायला घेतील, आणि आईवडील त्यानंतर बोलतील.

आपली विश्वासू,
मुलांच्या उपशामक सेवेतील एक परिचारिका